थोरल्याचा फोन

"एक गोष्ट तुम्हाला विचारायची होती," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आई अगदी ठाम धरून बसल्यात, की त्यांचा थोरला मुलगा वारला."

समोर तिघं बसली होती. मुलगी, धाकटा मुलगा आणि त्याची बायको. तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांना वाटलं, आईचं असलं अभद्र बोलणं ऐकून बिचाऱ्यांना धक्का बसला. धक्का बसलाच होता, पण तो निराळा. थोरला खरोखरच वारला होता. ते आईला कुणी सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "उतारवयातल्या नैराश्यात असं होतं. कुणाला वाटतं, आपली आतडी सुकली, आता अन्न खाली उतरायचंच नाही. कुणाला वाटतं, घर बुडालं. कुणाला वाटतं, जवळची माणसं मेली. आई म्हणतात, मला कुणी सांगितलं नाही, पण तो गेलाय. आता कुणी सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कुठून? म्हणूनच आम्ही त्याला भ्रम म्हणतो. तरी तुम्हाला एकदा विचारावं म्हटलं. थोरले बोटीवर असतात ना?"

धाकट्या सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, आपणही तेच म्हणू. तर धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं आणि बहिणीने, म्हणजे ताईने, डॉक्टरांकडे पाहिलं.

"हो, बोटीवर," ताई म्हणाली. "इंजिनात काम करतो. महिनोन् महिने जमिनीला पाय लागत नाही त्याचा. पण तब्येत ठणठणीत आहे."

ठणठणीत म्हणाली. जो माणूस दूरच्या एका बंदरात, कुणीही जवळ नसताना, छाती दाबून धरून खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही, त्याची तब्येत ठणठणीत. डॉक्टरांनी मान हलवली आणि समाधानाने पेनाला टोपण लावलं.

आता हे असं झालं कसं, ते सांगायला हवं. घर काही वाईट माणसांचं नव्हतं. उलट सगळे एकमेकांवर जीव टाकणारे, आणि तेच नडलं. आईंनी सारी नोकरी बस डेपोच्या तिकीट खिडकीवर काढली होती. काचेला असतं एवढंसं भोक, त्यातून किती बोलणार? मोजकंच बोलायची सवय लागली ती कायमची. "सुटे द्या", "पुढे व्हा", "गाडी गेली" एवढ्यात त्या जगाला आवरत. नवरा लवकर गेला. तीन मुलं त्यांनी त्या खिडकीच्या जिवावर मोठी केली. ताई मुख्याध्यापिका झाली. शाळेत पोरांच्या रांगा लावता लावता घरच्यांच्याही रांगा लावायची तिला सवय झाली होती. धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं, स्वभाव गरीब, ताई म्हणेल ती पूर्व दिशा. आणि थोरला लग्नाच्या भानगडीत न पडलेला, बोटीवरचा, तोंडाने अत्यंत फटकळ. बंदर लागलं की फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय म्हातारे, आहेस का अजून?" आईंचंही उत्तर ठरलेलं, "तुला पोचवल्याशिवाय जात नाही." एवढं बोलून दोघं मनापासून हसायची. ऐकणाऱ्याला वाटावं, काय हे मायलेक.

काही महिन्यांपूर्वी आई गप्प व्हायला लागल्या. आधीच मोजकं बोलणं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही लवकर आलं नाही. मग जेवण कमी झालं. मग त्या पहाटेच उठून खुर्चीत बसायला लागल्या, हात मांडीवर, नजर जमिनीवर. केस विंचरायचे नाहीत. धाकटी विंचरायला गेली की म्हणायच्या, "कशाला?" घरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या लागू पडेपर्यंत थांबा म्हणाले. आणि तेवढ्यात थोरल्याची बातमी आली.

स्वयंपाकघराचं दार लावून तिघं बसली. ताई आधी ढसाढसा रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "आईला कळता कामा नये. आधीच हाय खाल्लेली, हे ऐकलं तर जागच्या जागी संपेल." धाकटीच्या नवऱ्याने मान हलवली. धाकटी म्हणाली, "पण ताई, किती दिवस?" ताई म्हणाली, "बरी होईस्तोवर. मग मी सांगेन, माझ्यावर सोड." घरोघरी हेच करतात. आजारी माणसापासून मरण लपवायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. धाकटीच्या माहेरीही आजोबांपासून आत्याचं जाणं असंच लपवलं होतं. त्यामुळे तीही गप्प बसली.

नवरा विमानाने जाऊन तिकडेच सगळं उरकून आला. आईंना सांगितलं, चष्म्यांच्या प्रदर्शनाला गेलाय. आला तेव्हा डोळे सुजलेले. सांगितलं, सर्दी. आणि त्यानंतर थोरल्याचे निरोप सुरू झाले. "आई, दादाचा फोन आला होता, तू झोपली होतीस. म्हणाला, आईला नमस्कार सांग." "आई, दादा म्हणाला, वेळेवर औषध घे, तुझी फार काळजी वाटते." आता खोटं बोलायचं तर ते त्या माणसाला शोभेल असं तरी बोलावं. जन्मात ज्याने आईला म्हातारे सोडून दुसरी हाक मारली नाही, तो मेल्यावर एकदम साजूक तुपासारखा बोलायला लागला. हे धाकटीला तेव्हाच खटकलं होतं, पण दुःखात असलेल्या माणसांना काय शिकवायचं, म्हणून ती मूग गिळून बसली.

आईंनी एकही निरोप खोडून काढला नाही. फक्त जेवण होतं तेही सोडलं. पाणीसुद्धा ओठांवरून परत यायला लागलं, तेव्हा त्यांना या वॉर्डात आणलं. वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचाच, आणि मनाच्या आजाराचा. दाराशी आधी एक दार बंद व्हायचं आणि मगच दुसरं उघडायचं. आत मात्र ऊन भरपूर. भिंतीला धरून चालायला लाकडी कठडा, न्हाणीघरात काचेऐवजी पत्र्याचा आरसा, खुर्च्या इतक्या जड की उचलून फेकायची कुणाला बुद्धी होऊ नये. बुटांच्या नाड्या, पट्टे, ओढण्या दाराशीच काढून ठेवायच्या. कवळ्यांच्या डब्यांवर आणि चष्म्यांवर नावाच्या पट्ट्या. एक गृहस्थ रोज सकाळी टाय मागायचे, ऑफिसला उशीर झाला म्हणायचे. एक बाई दिवसभर त्याच त्याच नॅपकिनांच्या घड्या घालायच्या आणि मोडायच्या. नर्सा मोठ्या चिवट. एकेक जण चमचा हातात धरून आईंजवळ बसून राहायची, एका घोटासाठी. घाई नाही, ओरडणं नाही. असं ठिकाण नशिबाने मिळतं, हे धाकटीला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

त्याच पहिल्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांची माहिती विचारली होती. मुलं किती, कुठे असतात, घरात नुकतंच काही दुःखद घडलंय का. ताईने घडाघडा सांगितलं, तीन मुलं, थोरला बोटीवर, सगळं क्षेम आहे. तिचा हिशेब असा, की डॉक्टरांना सांगितलं तर त्या नर्सना सांगणार, आणि एखादी नर्स आईसमोर बोलून जाणार. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. फक्त आईंचं तोंड उघडलं की काय होईल, याचा त्यात विचार नव्हता. विजेचे उपचार सुरू झाले, हात थरथरायचे थांबले, सूप पोटात राहायला लागलं, आणि एका सकाळी नर्स केस विंचरत असताना आई स्वतःहून बोलल्या. किती तरी दिवसांनी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

"माझा थोरला गेला," त्या म्हणाल्या.

तर डॉक्टरांच्या खोलीत तिघं बसली होती ती यासाठी. डॉक्टर पुढे म्हणाल्या, "बाकी सुधारणा उत्तम आहे. पण हा भ्रम जाईपर्यंत मी त्यांना घरी सोडणार नाही. विजेचे उपचार आणखी काही वेळा द्यावे लागतील. औषधही वाढवू."

उपचारानंतर आईंचं डोकं ठणकायचं, सकाळ की संध्याकाळ ते कळायचं नाही, हात धरून न्हाणीघरात न्यावं लागायचं. आजारासाठी हे सोसायचं ते ठीक. पण खरं बोलल्याबद्दल? धाकटीने तोंड उघडलं. "डॉक्टर, मला वाटतं..."

"तिला वाटतं, औषध फार होईल," ताईने मधेच उचललं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"काळजी करू नका, मी जपून देईन," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी एक. थोरल्यांचा आवाज ऐकवता आला तर बघा. नुसतं बोलले तरी पुष्कळ."

तिघं बाहेर पार्किंगमध्ये गाडीशी आली. तिथे मात्र धाकटीचा संयम सुटला. "ताई, खरं बोलतायत त्या. आणि आपण त्यांना वेडं ठरवून आलो."

"आता सांगायचं?" ताई म्हणाली. "काय सांगायचं? की आम्ही तुमच्याशी खोटं बोललो, तुम्ही आमच्या भरवशावर तिला शॉक दिलेत, आता माफ करा? आणि आईला? दादा गेला, आणि तू म्हणत होतीस तेव्हा आम्हीच नाही म्हटलं? ती पुन्हा अन्नपाणी सोडेल. तू देशील तिला घास?"

"मीच देत होते," धाकटी म्हणाली.

ताईला हे झोंबलं. ती गाडीच्या टपावर डोकं टेकून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. शाळेची मुख्याध्यापिका, भर पार्किंगमध्ये. भाऊ गेल्यापासून तिने एकदाच काय ते रडून घेतलं होतं, मग सगळ्यांना सावरण्यातच ती गुंतली. धाकटीला तिचा रागही येत होता आणि कीवही. नवरा किल्ली बोटांत फिरवत नुसता उभा.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला धाकटी एकटीच गेली. आई खिडकीपाशी बसल्या होत्या. चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. चहाचा कप त्यांनी स्वतःच्या हाताने धरला होता. धाकटी शेजारी बसली तशी त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "ती दोघं नाही आली?"

"नाही. मी एकटीच."

"बरं झालं. ती दोघं माझीच आहेत, माझ्यासाठी खोटं बोलतील. तू बाहेरून आलेली. तू सांग. थोरला आहे का?"

सांगायचं तर हीच वेळ होती. समोरचं माणूस विचारत होतं, शांतपणे विचारत होतं, कप धरलेला हातसुद्धा हलत नव्हता. पण मागच्याच टेबलाशी नर्स उभी होती, आणि ताईचे हलणारे खांदे डोळ्यांसमोरून जात नव्हते, आणि मनात एकच भीती, मी बोलले आणि यांनी पुन्हा घास सोडला तर तो दोष माझ्या माथ्यावर.

"आहेत की, आई," ती म्हणाली. "असं काय विचारता?"

आईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि चहा संपवला. घरी येताना धाकटी बसमध्ये बसली होती की उभी होती, हेही तिला नंतर आठवेना.

घरी आली तर बहीणभावाचं वेगळंच शिजलेलं. दोघा भावांचे आवाज एकाच घशातून निघाल्यासारखे होते. फोनवर तर शेजारपाजारचे सोडा, मामासुद्धा फसायचा. ताईने ठरवलं होतं की धाकट्याने थोरला होऊन वॉर्डात फोन करायचा. एकदाच. डॉक्टरांचं समाधान होईल, आईच्या मनातलं जाईल, उपचार थांबतील. "तिला त्रास होऊ नये असंच तुला वाटतं ना?" ताईने धाकटीलाच विचारलं.

"मला नाही जमणार," नवरा म्हणाला. तो हे म्हणतच राहिला आणि त्याला तयार करण्यात आलं.

फोनच्या दिवशी धाकटीला वर आईंजवळ बसवलं. नवरा खाली पार्किंगमध्ये, गाडीत. बोटीच्या इंजिनाचा आवाज हवा म्हणून त्याने गाडी चालू ठेवली होती. हसावं की रडावं? मेलेल्या भावाचं सोंग आणायचं आणि वर मागे घरघर लावायची. वॉर्डाच्या खिडकीतून ती गाडी सरळ दिसत होती, मागून निघणारा धूरसुद्धा. धाकटी उठून खिडकीला पाठ करून उभी राहिली, आईंना दिसू नये अशी. आईंनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं.

फोन वाजला. नर्सने घेतला, तिचा चेहरा खुलला. "आजी, बघा कुणाचा आहे. तुमचे थोरले." तिने स्पीकर लावून फोन आईंच्या हातात दिला.

"काय म्हातारे," आतून आवाज आला, "आहेस का अजून?"

तोच आवाज, तीच ढब, शेवटच्या शब्दावर तोच हेल. मागे घरघर. ज्याला नवऱ्याने स्वतःच्या हाताने निरोप दिला होता, तो माणूस फोनमध्ये बोलत होता. आणि आईंचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मेलेला तो चेहरा असा काही उजळला की धाकटीला बघवेना. आईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. त्यांचे ओठ ठरलेल्या उत्तरासाठी उघडले.

तेवढ्यात आवाज पुढे म्हणाला, "आई, मी मजेत आहे. तुझी खूप आठवण येते गं."

उघडलेले ओठ तसेच राहिले. उजेड गेला. आईंनी हळूच मान वळवली आणि धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर धाकटीने तो सोसला असता. एखाद्याला भर रस्त्यात थोबाडीत बसावी आणि का बसली ते कळू नये, तसं ते बघणं होतं. आपल्याच घरातल्या माणसांनी हे केलं, हे त्यांना त्या वेळी उमगलं असावं.

"जेवलास का?" त्या फोनमध्ये म्हणाल्या.

"हो, जेवलो."

"बरं. जप." आणि त्यांनी फोन नर्सला परत दिला.

"कसा वाटला आवाज?" नर्सने मोठ्या उत्साहाने विचारलं.

"छान," आई म्हणाल्या.

खाली धाकटी आली तेव्हा नवरा गाडीत स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. इंजिन चालूच होतं. ती शेजारी बसली आणि तिने हात घालून किल्ली फिरवली. "तिला कळलं का?" त्याने विचारलं. धाकटी म्हणाली, "माझ्याशी बोलू नकोस." लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला असं बोलली असेल. आणि मग तोच हुंदके द्यायला लागला, म्हणाला, "मी म्हातारे म्हटलं ना, तेव्हा मला वाटलं दादाच बोलतोय. मी घाबरलो, म्हणून ते पुढचं बोललो." आता अशा माणसावर काय रागवणार? तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण तिचं तिला कळलं होतं, की यापुढे गप्प बसणं तिला जमणार नाही.

त्या दिवसापासून आईंनी थोरला गेल्याचं पुन्हा तोंडातून काढलं नाही. जेवण वाढलं. सकाळी सगळे पेपर वाचायला बसत, तिथे आई मथळे मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. टायवाल्या गृहस्थांना एकदा म्हणाल्या, "पुढे व्हा, तुमची गाडी लागलीय," आणि ते गृहस्थ बऱ्याच दिवसांनी हसले. डॉक्टर खूश, नर्सा खूश, ताईचा तर जीव भांड्यात पडला. "बघ," ती धाकटीला म्हणाली, "सांगत होते ना?" धाकटी बघत होती. आई तिच्याशी नीट बोलत होत्या, जेवलीस का विचारत होत्या, धाकटीच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती ऐकून हसतही होत्या. पण थोरल्याचं नाव निघालं की चेहरा तिकीट खिडकीसारखा व्हायचा, काचेच्या आडचा. खरंच विसरल्या? उपचारांनी पुसलं गेलं? की ती नजर आपणच चुकीची वाचली, आणि फोन त्यांना खरा वाटला? आणि खरा वाटला असेल, तर हे किती दिवस पुरवायचं? दर बंदराला फोन लावायचा?

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वेळी आईही होत्या, स्वच्छ कपड्यांत, केस नीट बांधलेले. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, महिना विचारला. आईंनी बरोबर सांगितलं. "आणि मुलं किती?"

"तीन," आई म्हणाल्या. "ही मुलगी. हा धाकटा. थोरला बोटीवर असतो."

"कसे आहेत ते?"

"मजेत आहे. फोन आला होता. जेवला म्हणाला."

डॉक्टर ताईकडे बघून हसल्या. ताई रुमालाने डोळे टिपत होती. नवरा जमिनीकडे बघत होता. "तुमच्या त्या एका फोनने आमच्या औषधांपेक्षा जास्त काम केलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. "भ्रम पूर्ण गेलाय. कुटुंबाची अशी साथ फार कमी पेशंटना मिळते."

एका शहाण्या बाईचं खरं काढून घेऊन तिच्या हातात खोटं दिलं होतं, आणि त्याला बरं होणं म्हणत होते. डॉक्टरांची चूक नाही, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं होतं. चूक इथे बसलेल्या तिघांची, आणि त्या तिघांतही आईंनी फक्त धाकटीलाच तोंडावर विचारलं होतं. तिने त्या खोलीतच ठरवलं. सांगायचं. आज, आत्ता. आधी आईंना, कारण मुलगा त्यांचा आहे. मग डॉक्टरांना. ताई जन्मात तोंड बघणार नाही, न का बघेना.

ताई आणि नवरा औषधं आणायला खाली गेले. धाकटी आईंना घेऊन खोलीत आली. पिशवी भरून झाली होती. आई पलंगावर बसल्या, धाकटी त्यांचे बूट घालायला खाली बसली. दार उघडंच होतं, बाहेर नर्सांची ये-जा चालू होती.

"आई," ती म्हणाली. तिने त्यांचा पाय तसाच हातात धरून ठेवला. "आई, तुम्ही मला विचारलं होतं ना. मी खोटं बोलले. दादा गेले. तुम्ही इथे यायच्या आधीच गेले. छातीत दुखलं आणि गेले, फार त्रास झाला नाही म्हणतात. तो फोन... तो दादांचा नव्हता. तुम्ही म्हणत होतात तेच खरं होतं, आई. तुम्हाला भ्रम झालेला नव्हता. मी आता डॉक्टरांनाही..."

आईंनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की त्या कृश हातात एवढं बळ कुठून आलं असं वाटावं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे खाली वाकून, अगदी कानाशी बोलल्या.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "इथे तसं बोललं की घरी सोडत नाहीत."

बाहेरून नर्स आत डोकावली. हातात आईंच्या चष्म्याची डबी.

"काय आजी, निघालात? थोरल्यांना कळवलं की नाही घरी चालल्याचं?"

"कळवलं ना," आई म्हणाल्या आणि हसल्या, छान, तोंडभर. "खूश झाला."

"होणारच." नर्सने डबी दिली, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ती पुढच्या खोलीकडे गेली. आईंचं हसू ती वळेपर्यंत तसंच होतं. मग ते उतरलं. त्यांनी दुसरा पाय पुढे केला.

"तो बूट घाल लवकर," त्या धाकटीला म्हणाल्या. "मला घरी जाऊन रडायचंय."